कर्नल मेडोज टेलर : जीवन परिचय

विद्यार्थी मित्रांनो, नळदुर्गचा किल्ला तुम्ही पाहिला असेल. या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार १८५३ मध्ये एका इंग्रज कादंबरीकाराकडे आला, हे माहीत आहे का?

फिलिप मेडोज टेलर यांचा जन्म १८०८ मध्ये लिव्हरपूल येथे झाला. १५ व्या वर्षी ते मुंबईला एका व्यापाऱ्याकडे नोकरीला आले. तिथं काही जमलं नाही, म्हणून निजामाच्या सैन्यात दाखल झाले. इथल्या भाषा, कायदा, जमीनमोजणी सगळं ते स्वतःच शिकले. सुरपूरचे लोक त्यांना महादेवबाबा म्हणत.

१८३९ मध्ये त्यांची ठगांवरची कादंबरी आली. त्यात अमीर अली हा ठग स्वतःच आपले गुन्हे सांगतो. ‘तारा’ (१८६३) मध्ये अफझलखान वधाच्या काळातली तुळजापूरची ब्राह्मण मुलगी नायिका आहे. ‘सीता’ (१८७२) मध्ये हिंदू विधवा इंग्रज अधिकाऱ्याशी लग्न करते. त्या काळी असं लिहायला धाडस लागायचं!

१८७६ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचं निधन झालं. ते राज्यकर्त्यांपैकीच होते, हे विसरू नका. पण त्यांनी इथल्या माणसांना गोष्टीत मागे उभं केलं नाही, नायक-नायिका केलं. म्हणून मुलांनो, ज्या गावात राहाल तिथली भाषा आधी शिका.