मुळशीची वीज, उजनीचे पाणी आणि सेनापती बापट

पावसाळा सुरू झाला की टेंभुर्णी, माढा, पंढरपूरकडच्या शेतकऱ्याचे लक्ष स्वतःच्या शिवारातल्या पावसापेक्षा दौंडच्या विसर्गावर जास्त असते. पुणे जिल्ह्यातली धरणे भरली, दौंडला भीमा वाढली, की उजनी उणे पातळीतून वर येते. २०२४ च्या उन्हाळ्यात हे धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेले होते. मात्र पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरची काही धरणे भरली तरी त्यांचे बरेचसे पाणी दौंडला पोहोचत नाही. ते वीजनिर्मितीसाठी घाटाखाली कोकणात सोडले जाते. त्यातले सर्वांत गाजलेले धरण मुळशीचे. ते होऊ नये म्हणून शंभर वर्षांपूर्वी जो माणूस उभा ठाकला, त्याला महाराष्ट्र सेनापती बापट म्हणून ओळखतो.

बापट कोण होते?

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरचा. नगर जिल्ह्यातला हा तालुका माढ्यासारखाच पर्जन्यछायेतला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण झाल्यावर मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ मध्ये एडिंबरोला गेले, तेही यंत्रशास्त्र शिकायला. पुढे ज्यांनी विजेचे धरण अडवले, ते स्वतः इंजिनीअरिंगचे विद्यार्थी होते हे सहसा कोणी सांगत नाही.

शिक्षण पुरे झाले नाही. ब्रिटिश राजवटीवर जाहीर टीका केल्याने शिष्यवृत्ती गेली. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये श्यामजी कृष्णवर्मा, सावरकर यांच्याशी संबंध आला, पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून झाली आणि १९०८ मध्ये ते भारतात परतले. मग भूमिगत जीवन, १९१२ मध्ये अटक, काही वर्षांनी सुटका. त्यानंतर पारनेरला हातात झाडू घेऊन रस्ते झाडणारे बापट लोकांनी पाहिले. पुढे पुण्यात टिळकांच्या मराठा पत्रात नोकरी केली.

मुळशीत काय घडले?

त्या काळी मुंबईच्या गिरण्या दूरवरून आणलेल्या कोळशावर चालत. कोळसा महाग आणि धूर भरपूर. सह्याद्रीच्या पावसावर वीज करून गिरण्यांना पुरवावी, ही जमशेटजी टाटांची कल्पना. ते १९०४ मध्ये वारले; काम मुलगा दोराबजी यांनी पुढे नेले. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईत आली. नंतर भिवपुरी आणि तिसरा टप्पा मुळशीचा.

मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ बांध घातला जाणार होता. पाण्याखाली जाणार होती मावळातली पन्नासहून अधिक गावे आणि आंबेमोहोराची भातखाचरे. विस्थापित होणाऱ्यांचा आकडा अकरा हजारांच्या घरात होता. नीट संपादन होण्याआधीच शेतांत चर खणले जाऊ लागले, तेव्हा मावळे बिथरले.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. शेकडो मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबले. कंपनीने काही महिने थांबायचे मान्य केले. ते महिने सरले आणि काम पुन्हा सुरू झाले. मग अटका, तुरुंगवास, पुन्हा सत्याग्रह, असे तीन वर्षे चालले. शंकरराव देव, विनायकराव भुस्कुटे ही मंडळी बरोबर होती. बापटांना सेनापती ही उपाधी याच लढ्याने दिली.

लढा मोडला तो फक्त पोलिसांमुळे नाही. मुळशीतल्या बऱ्याच जमिनी पुण्यात राहणाऱ्या सावकार-जमीनदारांच्या नावावर होत्या. त्यांना भरपाई वाढवून हवी होती. कसणाऱ्या कुळांना जमीन हवी होती. सरकारने दर वाढवल्यावर पहिला गट बाजूला झाला. धरणग्रस्तांच्या पुढच्या बहुतेक लढ्यांत ही फूट दिसते. मुळशीत ती पहिल्यांदा उघडी पडली, म्हणून हा इतिहास जुना झालेला नाही.

१९२४ मध्ये बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली आणि गोळीबार केला. गांधीजींच्या चौकटीत बसणारा हा मार्ग नव्हता. सात वर्षांची शिक्षा झाली. ते तुरुंगात असतानाच १९२७ मध्ये भिरा वीजगृह सुरू झाले.

पाणी घाटाखालीच का सोडतात?

जलविद्युतला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि उंची. मुळा नदी स्वभावाने पूर्वेला वाहते. पुण्यात मुठेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला. पण पूर्वेचा उतार मंद आहे. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा एकदम तुटतो आणि मुळशी ते भिरा सुमारे ५०० मीटरचा फरक मिळतो. म्हणून नदीची दिशाच बदलली गेली.

हिशेब असा: हजार लिटर पाणी ५०० मीटर खाली आले, की यंत्रातली घट धरून साधारण १.२ युनिट वीज होते. म्हणजे एका युनिटला आठशे-साडेआठशे लिटर. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. त्यातून मिळतात सुमारे सव्वातीन ते साडेतीन कोटी युनिट.

यात कोळसा जळत नाही, राख होत नाही आणि पाणी नाहीसेही होत नाही. ते फक्त दुसऱ्या खोऱ्यात जाते. कोळशाच्या आधुनिक केंद्राला एका युनिटला तीन-साडेतीन लिटरच पुरतात, पण त्यातले बहुतेक वाफ होऊन जाते. दक्षिण सोलापुरात फताटेवाडीला एनटीपीसीचे १,३२० मेगावॉटचे केंद्र आहे. त्याला पाणी उजनीचेच लागते.

उजनीचे नेमके किती जाते?

घाटमाथ्यावरची टाटांची ही धरणे भीमा खोऱ्यातली. कृष्णा लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात त्यांना पश्चिमेकडे पाणी वळवायची मर्यादा घालून दिली: कोणत्याही एका वर्षात ५४.५ टीएमसी आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी. सरासरी काढली तर वर्षाला ४२ टीएमसीच्या आसपास. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आहे. तुलना वाचकानेच करावी.

बापटांच्या लढ्यात हा मुद्दा नव्हता. लढा बुडणाऱ्या जमिनीचा होता. खालच्या बाजूला दीडशे-दोनशे किलोमीटरवर कोणाचे पाणी तुटेल, हे तेव्हा कोणी विचारले नाही. उजनी धरण व्हायलाच १९८० उजाडले. उजनीनेही गावे बुडवली. पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरले की आजही वर येते.

मग पाणी परत पूर्वेला आणावे का?

ही मागणी दर दुष्काळात होते आणि सरकारने त्यासाठी अभ्यासगटही नेमला. पण भिऱ्याचे पाणी कुंडलिकेत, खोपोलीचे पाताळगंगेत, भिवपुरीचे उल्हासमध्ये जाते. शंभर वर्षांत त्यावर रोह्यापासून कल्याणपर्यंत कारखाने आणि नळयोजना उभ्या राहिल्या. कोलाडचे राफ्टिंगसुद्धा याच विसर्गावर चालते. शिवाय ही जनित्रे काही मिनिटांत सुरू होतात, त्यामुळे ग्रीड कोलमडल्यावर मुंबई सावरते ती बऱ्याच अंशी यांच्यावर. विजेला आज सौर-पवनचा पर्याय आहे. त्या नळयोजनांना दुसरा स्रोत शोधणे जास्त अवघड. दुष्काळी वर्षांपुरते काही पाणी भीमेत सोडणे हा मधला मार्ग त्यातल्या त्यात शक्य दिसतो. मात्र उजनीखाली ऊस असाच वाढत राहिला, तर तेही पाणी पुरणार नाही, हे सोलापूर जिल्ह्यात मोठ्याने बोलले जात नाही.

नंतरचे बापट

१९३१ मध्ये सुटल्यावरही बापट स्वस्थ बसले नाहीत. हैदराबादचा सत्याग्रह, फॉरवर्ड ब्लॉक, गोवा मुक्ती, संयुक्त महाराष्ट्र अशा प्रत्येक ठिकाणी ते दिसतात. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी मुळशीचा लढा जगातला पहिला धरणविरोधी लढा ठरवला, पण ते बापट गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

पुण्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, तसाच मुंबईतही. मुंबईचा रस्ता माहीम, दादरहून लोअर परळच्या गिरणगावात जातो. ज्या गिरण्यांच्या विजेसाठी मुळशी बुडाली, त्यातल्या काहींच्या जागी तिथे आता मॉल आणि कार्यालये आहेत. जुने मुंबईकर त्या रस्त्याला अजून तुळशी पाइप रोडच म्हणतात.