सरफोजी राजांची इंग्रजी

तमिळनाडूतील तंजावर हे नगर बृहदीश्वराच्या भव्य मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. कावेरीच्या सुपीक खोऱ्यातील या नगरावर १६७५ पासून १८५५ पर्यंत, मधली दोन-तीन वर्षे वगळता, मराठ्यांच्या भोसले घराण्याची गादी होती. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे हे या गादीचे संस्थापक. राजघराणे मराठी बोले, प्रजा तमिळ बोले, दरबारातील कवी व गायक तेलुगूत रचना करीत आणि शास्त्रीपंडितांचे वाद संस्कृतात चालत. व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे यांनी तर ‘पंचभाषाविलास’ नावाचे नाटकच रचले. त्यातील पात्रे पाच वेगवेगळ्या भाषांत बोलतात. अशा नगरातील मुलाच्या कानावर चार भाषा पडत, आणि त्यांतील एखाददुसरीच तो पुस्तकातून शिकत असे. या घराण्यात जन्मलेले सरफोजी राजे (दुसरे) यांनी त्या भाषांत इंग्रजीची भर घातली. ती त्यांनी कोणत्या परिस्थितीत मिळवली आणि तिचे पुढे काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले घराण्याच्या एका शाखेत झाला. तंजावरचे राजे तुळजाजी यांना पुत्र उरला नव्हता. त्यांनी १७८७ च्या जानेवारीत सरफोजींना दत्तक घेतले आणि थोड्याच दिवसांत ते निवर्तले. सरफोजी तेव्हा अवघे नऊ वर्षांचे होते. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे कारभार आला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने पंडितांचे मत घेऊन दत्तक अवैध ठरवले आणि अमरसिंहच गादीवर बसले. दत्तकपुत्र ही आता अडचण झाली. सरफोजींना वाड्यातच कोंडून ठेवण्यात आले. अंधाऱ्या खोलीत, शिक्षकाविना, लेखन-वाचनाविना त्यांचे दिवस जात होते. ज्या वयात मुले मुळाक्षरे ओलांडून पुढे जातात, त्या वयात या राजपुत्राच्या हाती पाटीही नव्हती.

या अंधारात त्यांची विचारपूस करणारा माणूस परदेशी होता. क्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ हे जर्मन धर्मोपदेशक १७५० मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील डॅनिश वसाहतीत, तरंगंबाडीस उतरले आणि पुन्हा कधीही मायदेशी गेले नाहीत. त्यांची मातृभाषा जर्मन. येथे आल्यावर त्यांनी तमिळ शिकून घेतली. पुढे तिरुचिरापल्लीच्या छावणीतील इंग्रज शिपायांमध्ये वावरताना त्यांची इंग्रजी घडत गेली. तुळजाजी राजांशी त्यांची पहिली भेट १७६९ मध्ये झाली, तेव्हा संभाषण आरंभी दुभाष्यामार्फत चालले. मधल्या माणसाच्या तोंडून बोलणे दोघांनाही रुचले नसावे, कारण लवकरच ते थेट तमिळमधून बोलू लागले, आणि राजाशी त्याच्या भाषेत बोलता यावे म्हणून श्वार्ट्झ मराठीही शिकले. १७७९ मध्ये कंपनीने हैदरअलीकडे बोलणी करण्यासाठी श्रीरंगपट्टणास पाठवले ते यांनाच. आपल्या शिष्याला इंग्रजीच्या वाटेवर नेणारा हा गुरू स्वतः जन्माने इंग्रज नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. परकी भाषा तोंडात बसवताना जीभ कोठे अडखळते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

तुळजाजींनी मृत्यूपूर्वी सरफोजींची काळजी श्वार्ट्झ यांच्यावर सोपवली होती. मुलाची दशा पाहून श्वार्ट्झ यांनी कंपनी सरकारकडे तक्रार नेली. मुलाला हवा-उजेड मिळावा, शिकवायला माणूस मिळावा, एवढीच मागणी आरंभी होती. तेवढ्याने भागेना, तेव्हा १७९३ मध्ये सरफोजींना तुळजाजींच्या विधवा राण्यांसह मद्रासला हलवण्यात आले. तेथे वेपेरी भागातील दुसरे जर्मन धर्मोपदेशक गेरिके यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण सुरू झाले. सरफोजी तेव्हा पंधरा वर्षांचे होते. शिक्षणाच्या दृष्टीने हा उशीरच म्हणावा लागेल.

त्या काळी मराठी माणसाच्या हाती इंग्रजी शिकण्याची साधने तरी कोणती होती? मराठीतून इंग्रजी शिकवणारे छापील पुस्तक नव्हते. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण सेरामपूरहून १८०५ मध्ये निघाले, तेही इंग्रजांना मराठी यावी म्हणून. मोल्सवर्थ यांचा प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोश तर १८३१ चा, म्हणजे सरफोजींच्या मृत्यूच्या आदल्या वर्षीचा. तेव्हा इंग्रजी ग्रंथ वाचायचे ते गुरूच्या शेजारी बसून, आणि बोलायचे ते बोलणाऱ्यांच्या संगतीत राहून, याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. मद्रास ही कंपनीच्या मद्रास इलाख्याची राजधानी. अधिकारी, वैद्य, सैनिक, धर्मोपदेशक यांची तेथे सतत ये-जा असे.

रोजच्या व्यवहारातील वाक्प्रयोग हे कोशातून उमगत नाहीत. इंग्रज माणूस भेटताच ‘हाउ डू यू डू’ असे विचारतो. प्रश्नाचे शब्द कळले म्हणून त्याचा अर्थ कळला असे होत नाही. मराठी माणूस याला प्रकृतीची चौकशी समजून आपल्या दुखण्याची हकीकत सांगू लागला, तर ऐकणारा गोंधळून जातो, कारण त्या प्रश्नाला उत्तर म्हणून तोच प्रश्न परत करायचा असतो. आपल्या भाषेत विनंतीचा भाव क्रियापदाच्या रूपात आणि आवाजाच्या चढउतारात सामावतो. ‘बसा’ आणि ‘बसावे’ यांतील अंतर आपल्याला कोणी समजावून द्यावे लागत नाही. इंग्रजीत त्यासाठी ‘प्लीज’ हा स्वतंत्र शब्द घालावा लागतो आणि लहानशा उपकारालाही ‘थँक यू’ म्हणावे लागते. पाणी आणून देणाऱ्या घरच्या माणसाचे आभार मानणे आपल्याकडे परकेपणाचे वाटेल. कोठे काय बोलावे आणि कोठे गप्प राहावे, हे चार माणसांत बसून, ऐकून, चुकून आणि पुन्हा बोलूनच कळते. सरफोजींना ही संगत लाभली, आणि आयुष्यभर त्यांनी ती सोडली नाही.

इकडे दत्तकाच्या प्रश्नाचा पुन्हा विचार झाला. श्वार्ट्झ यांनी सरफोजींच्या बाजूने लेखी पाठपुरावा केला. पंडितांची मते नव्याने घेण्यात आली आणि या वेळी दत्तक वैध ठरला. मात्र तो निकाल प्रत्यक्षात उतरलेला पाहणे श्वार्ट्झ यांच्या नशिबी नव्हते. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी ते मरण पावले. शवपेटी बंद होण्यापूर्वी सरफोजी अंत्यदर्शनासाठी आले. त्यांना अश्रू आवरले नाहीत. त्यांनी पार्थिवावर जरीचे वस्त्र घातले. २९ जून १७९८ रोजी ते तंजावरच्या गादीवर बसले.

गादी मिळाली, पण राज्य राहिले नाही. ऑक्टोबर १७९९ मध्ये झालेल्या तहान्वये तंजावर प्रांताचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर उरला; वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा त्यांना मिळावयाचा होता. त्यांच्या आधीचे अनेक राजे न समजणाऱ्या भाषेतील कागदांवर शिक्का उमटवीत आले होते. सरफोजींना ती भाषा समजत होती, तरीही कागद बदलण्याचे सामर्थ्य त्यांच्याकडे नव्हते. इंग्रजी येत असती तर आपली राज्ये वाचली असती, असे काही जण म्हणतात. सरफोजींचे उदाहरण पाहता ते पटत नाही. तलवार आणि खजिना ज्याच्या हाती, त्याचीच कलमे तहात उतरली. एकवीस-बावीस वर्षांच्या या राजापुढे प्रश्न होता तो उरलेल्या आयुष्याचे काय करायचे, हा.

गुरूचे ऋण फेडण्याला त्यांनी अग्रक्रम दिला. १८०१ मध्ये त्यांनी लंडनच्या धर्मप्रसारक संस्थेला इंग्रजीत पत्र लिहून श्वार्ट्झ यांचे संगमरवरी स्मारक आपल्या खर्चाने घडवून पाठवण्याची विनंती केली. प्रसिद्ध शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांनी ते घडवले आणि तंजावरच्या किल्ल्यातील श्वार्ट्झ यांच्या चर्चमध्ये ते आजही पाहायला मिळते. रुग्णशय्येवरील गुरूचा हात शिष्याने हाती घेतला आहे आणि उशाशी गेरिके उभे आहेत. याशिवाय श्वार्ट्झ यांच्या समाधीशिळेवर कोरण्यासाठी सरफोजींनी स्वतः इंग्रजीत काही पद्यपंक्ती रचल्या. त्या काव्य म्हणून थोर आहेत असे नाही. शब्द साधे, घरगुती. अनाथांचा व विधवांचा आधार म्हणून गुरूचा गौरव, आणि अखेरीस त्याला पिता म्हणून संबोधून त्याच्या योग्यतेचे आपण व्हावे अशी प्रार्थना. शेवटी स्वतःचे नाव गुंफले आहे. कोणा भारतीयाने इंग्रजीत पद्य रचल्याची इतकी जुनी उदाहरणे फार थोडी आहेत. या गुरूचा धर्म मात्र शिष्याने स्वीकारला नाही. सरफोजी अखेरपर्यंत आपल्या कुलधर्मात राहिले, काशीयात्रा करून आले, आणि दोघांच्या स्नेहाला त्यामुळे उणेपणा आला नाही.

पुढची तीस वर्षे त्यांनी विद्येत घालवली. वाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयासाठी त्यांनी संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू हस्तलिखिते जमवली आणि इंग्रजी, फ्रेंच, जर्मन इत्यादी युरोपीय भाषांतील चार हजारांहून अधिक छापील ग्रंथ विकत घेतले. तंजावरला रेसिडेंट म्हणून काम केलेले बेंजामिन टोरिन लंडनला परतल्यावर त्यांच्यासाठी पुस्तके व उपकरणे धाडीत असत. जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोशही या संग्रहात आहे. पुष्कळ पुस्तकांवर राजांची इंग्रजी स्वाक्षरी आढळते.

१८०५ मध्ये त्यांनी तंजावरला देवनागरी छापखाना काढला. इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर सख्खण पंडितांकडून करवून घेऊन ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने त्यांनी तेथे छापवले. महाराष्ट्रात मराठी पुस्तके छापली जाऊ लागण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. ओरत्तनाडू येथील मुक्तांबापुरमच्या छत्रात त्यांनी मुलांच्या विनामूल्य शिक्षणाची सोय केली. प्रवाशांना अन्न देणाऱ्या धर्मशाळेला तमिळ मुलुखात छत्र म्हणतात. तेथे देशी भाषांबरोबर इंग्रजीही शिकवली जाई. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे त्यांचे मराठी नाटक तर फारच मजेदार आहे. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगत फिरणारी स्त्री. तमिळ नाट्यप्रकारांत ती ठरलेले पात्र. सरफोजींनी तिच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. इंग्रजी पुस्तकांतून मिळवलेले ज्ञान त्यांनी लोकांना परिचित अशा गाण्या-बोलण्यातून मांडले. त्यांच्या कारकिर्दीतील नेत्ररुग्णांच्या नोंदी ग्रंथालयात आहेत. मोडी मराठी आणि इंग्रजी अशा दोन लिप्यांत आजाराची व उपचारांची हकीकत आणि सोबत रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास त्यांनी १८०३ मध्ये कोरवला तो मात्र मराठीत. इंग्रजीने त्यांच्या घरातील मराठीची जागा घेतली नाही.

मार्च १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले आणि सरफोजींना भेटले. राजांचे वय तेव्हा अठ्ठेचाळीस होते. शेक्सपिअरच्या काव्यापासून रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्रापर्यंत आणि घोड्यांच्या पारखीपासून वाघाच्या शिकारीपर्यंत ते सहजतेने बोलत, हे पाहून बिशप चकित झाले. राजांची चर्या व बोलणे त्यांना एखाद्या फ्रेंच सेनापतीसारखे वाटले. राजांचा मुलगा शिवाजी याला आपण बरोबर घ्यावे, प्रवासात आणि पुढे कलकत्त्यास त्याला इंग्रजी शिकवावी, असा प्रस्ताव हेबर यांनी मांडला. राजांना तो पसंत पडला. स्वतः ज्या रीतीने ते शिकले, त्याच रीतीने मुलगा शिकला असता. पण मुलाच्या आईने त्याला दूर धाडण्यास संमती दिली नाही. हेबर एकटेच पुढे तिरुचिरापल्लीस गेले आणि ३ एप्रिल १८२६ रोजी तेथे त्यांचा बुडून मृत्यू झाला.

सरफोजी राजे ७ मार्च १८३२ रोजी निधन पावले. शिवाजी राजांना पुत्र नव्हता; १८५५ मध्ये ते वारल्यावर कंपनीने गादी संपुष्टात आणली. या वेळी दत्तकाची बाजू मांडणारा श्वार्ट्झ कोणी नव्हता. वाड्यातील पुस्तके मात्र जागच्या जागी राहिली. १९१८ मध्ये सरस्वती महाल ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले, आणि मुळाक्षरांपासून दूर ठेवलेल्या त्या मुलाची रोमन लिपीतील सही आता कोणीही वाचक तेथे पाहू शकतो.