वाटाण्याचे मेंडेल आणि वर्षाआड फळणारी झाडं

ग्रेगोर मेंडेल हे नाव शाळेत वाटाण्यासोबत येतं. पण फळझाडांची ओळख त्यांना त्याआधीची. जन्म १८२२ चा, ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या एका खेड्यात. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. वडील शेतकरी, फळझाडांची आवड असलेले. पैशाअभावी शिक्षणाची ओढाताण झाली आणि १८४३ मध्ये मेंडेल ब्रनोच्या मठात दाखल झाले. शिक्षकाच्या परीक्षेत नापास झाले, तरी मठाने त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात धाडलं.

१८५६ पासून जवळपास आठ वर्षं त्यांनी वाटाण्याचे संकर केले, हजारो रोपं मोजली. उंच आणि बुटक्या जातीचा संकर केला तर पहिली पिढी सगळी उंच. दुसऱ्या पिढीत मात्र साधारण तीन उंचांमागे एक बुटकं रोप परत येई. दडलेला गुण संपत नाही, हे त्यांनी १८६५ मध्ये मांडलं. दखल फारशी कुणी घेतली नाही. १८६८ मध्ये ते मठाधिपती झाले, पुढे कराच्या वादात सरकारशी भांडत राहिले. फळझाडांचे संकरही करून पाहिले. १८८४ मध्ये ते गेले. त्यांच्या कामाचं मोल जगाला कळलं १९०० मध्ये.

वाटाणा एका हंगामात उत्तर देतो, झाड वर्षानुवर्षं थांबवतं. एक वर्ष लगडायचं आणि दुसऱ्या वर्षी रुसायचं, हा सफरचंदाच्या आणि आंब्याच्या कित्येक जातींचा स्वभाव. तो एका जनुकाचा खेळ नाही. सफरचंदात तर वाढत्या फळातल्या बियांची संप्रेरकंच पुढच्या वर्षीच्या फुलकळ्या अडवतात. बागायतदाराचा हप्ता मात्र दरवर्षी येतो.

कलम बांधलं की मूळ झाडाचा गुण जसाच्या तसा येतो, खोडही तशीच येते. हापूसच्या कलमातून हापूसच मिळणार, वर्षाआड धरणारा. खोड मोडायची तर संकरच हवा. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात दरवर्षी धरणारा नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' तयार झाला, १९८१ मध्ये तो बागायतदारांपर्यंत आला. ब्रनोच्या बागेत मेंडेल यांनी वाटाण्यावर जे केलं, तेच हे काम. फक्त इथे एका पिढीची वाट पाहण्यात माणसाच्या आयुष्यातली कित्येक वर्षं जातात.