हिरोशिमा न पाहिलेले विनोबा



बेंगळुरूच्या पश्चिमेला मागडी रस्त्याने गेलात तर पत्त्यांमध्ये ‘विश्वनीडम्’ हे नाव भेटते. तिथले टपाल कार्यालयसुद्धा त्याच नावाचे आहे. नीड म्हणजे घरटे. सगळे विश्व एका घरट्यात मावावे, ही वेदातली जुनी कल्पना. शहराच्या त्या भागाला हे नाव सर्वोदयाच्या मंडळींमुळे मिळाले आणि सर्वोदयाची मंडळी म्हटली की पाठीमागे विनोबा आलेच.

१९६१ साली याच शहरात, एका कॉफी हाऊसमध्ये, विनोबांच्या विचाराने घडलेले दोन तरुण वर्तमानपत्र वाचत बसले होते. एक राजस्थानातला सतीश कुमार, दुसरा केरळचा ई. पी. मेनन. बातमी लंडनची होती. बर्ट्रांड रसेल या तत्त्वज्ञाला अणुशस्त्रांविरुद्धच्या आंदोलनात भाग घेतल्याबद्दल तुरुंगात टाकले होते. रसेल तेव्हा ८९ वर्षांचे होते. एवढे वय झालेला माणूस जगाच्या शांततेसाठी तुरुंगात जातो आणि पंचविशीतले आपण इथे कॉफी पीत बसलो आहोत, या विचाराने दोघे अस्वस्थ झाले. अणुशस्त्रे बाळगणाऱ्या चार देशांच्या राजधान्यांपर्यंत, मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनपर्यंत, चालत जायचे असे त्यांनी त्या टेबलावरच ठरवले. मग आशीर्वाद घ्यायला ते विनोबांकडे गेले.

विनोबांनी त्यांना काय दिले ते पुढे येईलच. पण ते समजायला आधी विनोबांकडे पाहावे लागेल. शाळेतल्या धड्यात आपण त्यांना भूदानापुरते भेटतो आणि सोडून देतो.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातल्या गागोदे गावचा. वडील नरहरराव बडोद्याला नोकरीला होते. ते विज्ञानाच्या वळणाचे गृहस्थ. कापड रंगवण्याच्या रसायनशास्त्रात त्यांनी प्रयोग केले. आई रुक्मिणीबाईंचे माहेर कर्नाटकातले. त्या फार शिकलेल्या नव्हत्या, पण भक्ती आणि भजन घरात त्यांच्यामुळे आले. घरात एका बाजूला प्रयोगशाळा आणि दुसऱ्या बाजूला देवघर होते, असे म्हटले तरी चालेल. पुढे आयुष्यभर विनोबांनी विज्ञान आणि अध्यात्म यांची जोडी सोडली नाही, तिचे मूळ मला इथेच दिसते.

१९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईच्या गाडीत बसले आणि सुरतला उतरून काशीची गाडी धरली. शाळेचे दाखले त्यांनी त्याआधीच चुलीत घातले होते. त्यांच्या मनाला दोन ओढी होत्या. हिमालयाची शांती हवी होती आणि बंगालमधली क्रांतीही हवी होती. काशीत गांधीजींच्या भाषणाविषयी वाचले, पत्रव्यवहार झाला आणि त्याच वर्षी ७ जूनला ते अहमदाबादच्या कोचरब आश्रमात पोहोचले. शांती आणि क्रांती दोन्ही त्यांना एकाच माणसात सापडली.

आता एक प्रसंग जरा थांबून पाहा. आईला गीता समजून घ्यायची होती. विनोबांनी तिला वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली, पण तीही तिला अवघड वाटली. तूच का लिहीत नाहीस, असे ती मुलाला म्हणाली. १९१८ च्या साथीत आई गेली. विनोबांनी बारा वर्षांनी, १९३० च्या ऑक्टोबरात, गीताई लिहायला घेतली आणि पुढच्या फेब्रुवारीत ती पूर्ण केली. मागणाऱ्या माणसाने ती पाहिली नाही, पण महाराष्ट्रातल्या घराघरात ती पाठ झाली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी ते कैद्यांपुढे गीतेवर बोलत. त्यांनी स्वतः ते लिहिले नाही. समोर बसलेल्या साने गुरुजींनी भराभर उतरवून घेतले, म्हणून आज ‘गीता प्रवचने’ तुमच्या-माझ्या हातात आहेत. एकाने सांगायचे, दुसऱ्याने जीव ओतून ऐकायचे आणि जे तिथे नव्हते त्यांच्यापर्यंत ते पोहोचवायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला तिची गरज लागणार आहे.

१९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांनाच निवडले. १९४२ नंतर वेल्लोर आणि सिवनीच्या तुरुंगात वर्षे गेली. वेल्लोरला त्यांनी दक्षिणेच्या चारही भाषांचा अभ्यास केला. १९४५ च्या जुलैत ते सुटून पवनारला आले. पुढच्याच महिन्यात, ६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठ वाजता, हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. तीन दिवसांनी नागासाकीवर पडला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७४,००० माणसे मेली असे मानले जाते.

जी वाचली त्यांना जपानीत हिबाकुशा म्हणतात. तुम्हाला वाटेल, त्यांनी लगेच जगाला ओरडून सांगितले असेल. तसे झाले नाही. १९५२ पर्यंत देश परकीय ताब्यात होता आणि बॉम्बविषयी छापण्यावर सुरुवातीची वर्षे कडक बंधने होती. त्याहून मोठे बंधन घरातले होते. बॉम्बमधून वाचलेली मुलगी आहे असे कळले तर लग्न मोडे, नोकरी मिळत नसे. आईबाप मुलांनासुद्धा सांगत नसत. १९५४ मध्ये बिकिनी बेटावरच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि तिच्यावरचे २३ खलाशी आजारी पडले, तेव्हा देश हलला. १९५६ च्या ऑगस्टमध्ये नागासाकीत हिबाकुशांनी आपली देशव्यापी संघटना, निहोन हिदानक्यो, उभी केली. अकरा वर्षांनी ही माणसे एकत्र बोलू लागली.

त्या काळात विनोबा चालत होते. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत हरिजन कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली, रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली आणि भूदान सुरू झाले. तेरा वर्षे ते देशभर पायी फिरले. चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे झाली. त्यातली पुष्कळ जमीन पडीक निघाली, पुष्कळ वाटलीच गेली नाही. हे आपण भक्तिभावाने झाकून ठेवू नये. पण पोचमपल्लीच्या मागे पेटलेली बंदूक होती आणि विनोबा तिला उत्तर शोधत होते, हेही विसरू नये.

चालता चालता त्यांची नजर गावाच्या बांधावरून जगाकडे गेली. १९५७ मध्ये कर्नाटकात ते ‘जय जगत्’ हा घोष देऊ लागले. त्याच सप्टेंबरात म्हैसूरजवळच्या येलवाल इथे ग्रामदानाची परिषद भरली. राजेंद्रप्रसाद, नेहरू आणि केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रीपाद तिथे एकत्र बसले. विनोबांचे म्हणणे थोडक्यात असे होते. अणूची शक्ती हातात आल्यावर पंथ आणि पक्ष यांचे दिवस संपले. आता विज्ञानाला अध्यात्माची जोड मिळाली तर पृथ्वीवर स्वर्ग येईल आणि हिंसेची मिळाली तर माणूसच उरणार नाही. अणुबॉम्बला ते नुसते भीत नव्हते. लहान शस्त्रांनी माणूस हिंसेत रमला होता, या मोठ्या शस्त्राने त्याला विचार करायला भाग पाडले आहे, असे ते मानत. हे आपल्याला आज जरा जास्तच आशावादी वाटते. मलाही वाटते.

बेंगळुरूचे ते दोघे त्यांना भेटले तेव्हा विनोबा आसामात पदयात्रेत होते. त्यांनी आशीर्वादाबरोबर दोन अटी घातल्या. पहिली, खिशात एक पैसाही ठेवायचा नाही. दुसरी, शाकाहार सोडायचा नाही. पैसे असले की माणूस दमून गावात पोहोचतो, खानावळ शोधतो, झोपतो आणि सकाळी कुणालाही न भेटता निघून जातो. पैसे नसले की दार ठोठवावे लागते. दार उघडणाऱ्याने जेवायला वाढले की शाकाहाराची गोष्ट निघते, का म्हणून तो विचारतो आणि अहिंसेचे बोलणे आपोआप सुरू होते. हा सल्ला हवेतला नव्हता. पवनारला विनोबांनी स्वतः कांचनमुक्तीचा प्रयोग केला होता आणि तेव्हा दहा वर्षे ते लोकांच्या दारीच जेवत होते.

१ जून १९६२ रोजी राजघाटावरून दोघे निघाले. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण आणि मग सोव्हिएत प्रदेश. तिथे चहाच्या एका कारखान्याबाहेर भेटलेल्या स्त्रीने त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या, चार राष्ट्रप्रमुखांसाठी. बॉम्बचे बटण दाबावेसे वाटले तर आधी एक कप चहा प्या, एवढाच निरोप. पॅरिसला तुरुंग भोगून ते लंडनला गेले, रसेलना भेटले, बोटीने अमेरिकेला पोहोचले. तोवर केनेडींची हत्या झाली होती. वॉशिंग्टनची वाट त्यांच्या समाधीपाशी संपली. तिथून ते जपानला गेले आणि शेवटी हिरोशिमात पोहोचले. ज्यांच्याविषयी बेंगळुरूत नुसते वाचले होते, त्यांचे शहर समोर होते.

त्याच १९६४ साली हिबाकुशांचा एक गट जपानबाहेर पडला आणि अमेरिका, युरोप, सोव्हिएत संघ असा फिरून आपली कहाणी सांगत गेला. ज्यांनी सोसले ते सांगायला निघाले होते आणि ज्यांनी सोसले नाही ते ऐकायला चालत आले होते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये विनोबा तेरा वर्षांनी पवनारला परतले.

हिरोशिमा महापालिकेने २०१२ पासून एक उपक्रम चालवला आहे. बॉम्ब न पाहिलेली माणसे एखाद्या हिबाकुशापाशी बसतात, त्याची कहाणी पुन्हा पुन्हा ऐकतात, दीर्घ प्रशिक्षण घेतात आणि मग त्याच्या वतीने शाळांतल्या मुलांना सांगतात. नोंदणी असलेले हिबाकुशा आता एक लाखाहून कमी उरले आहेत आणि त्यांचे सरासरी वय ८६ च्या आसपास आहे. २०२४ चे शांततेचे नोबेल त्यांच्या संघटनेला मिळाले. या नव्या सांगणाऱ्यांविषयी वाचताना मला धुळ्याच्या तुरुंगात मान खाली घालून लिहीत बसलेले साने गुरुजी आठवतात.

मे १९७४ मध्ये आपल्या देशानेही पोखरणला अणुचाचणी केली. विनोबा तेव्हा पवनारमध्ये क्षेत्रसंन्यास घेऊन राहत होते. पुढे आणीबाणीतल्या त्यांच्या भूमिकेमुळे जवळची माणसेही दुखावली. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी अन्न आणि औषध सोडले आणि १५ तारखेला धाम नदीकाठी देह ठेवला. जपान त्यांनी कधी पाहिला नाही.

पवनारला जाल तेव्हा जवळच्या सेवाग्रामलाही जा आणि प्रार्थनेच्या वेळेला थांबा. ती एका जपानी बौद्ध मंत्राने सुरू होते. १९३३ मध्ये निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्खू गांधीजींना भेटायला वर्ध्याला आले होते. त्यांच्या पंथाचा हा मंत्र हिरोशिमाच्या आधीपासून आश्रमाच्या प्रार्थनेत आहे. आवाज बहुधा वऱ्हाडी असतात, उच्चार थोडे आपले, थोडे त्यांचे.