गेऑर्ग हार्टमान : खिशांतील सूर्यघड्याळांचा कर्ता

चारशें-पांचशें वर्षांपूर्वीं युरोपांतील प्रवासी वेळ पाहावयाची झाल्यास खिशांतून हस्तिदंताची एक चपटी डबी काढीत असे. तिच्या दोन फळ्या काटकोनांत उघडल्या म्हणजे मध्यें एक दोरा ताणला जाई, व त्याची छाया तासांच्या रेषांवर पडे. अशीं छायायंत्रें घडविणाऱ्यांत नुरेंबर्गच्या गेऑर्ग हार्टमानचें नांव अग्रगण्य आहे. त्याचें अल्प चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

हार्टमानचा जन्म सन १४८९ मध्यें बव्हेरियांतील एगोल्सहाइम गांवीं झाला. कोलोन येथें त्यानें धर्मशास्त्र व गणित यांचें अध्ययन केलें. नंतर कांहीं काळ इटलींत राहून १५१८ सालीं तो नुरेंबर्ग येथें स्थायिक झाला. तेथील सेंट सेबाल्ड देवळांत त्यास धर्मसेवकाचें पद होतें. परंतु त्याचे हात सदैव यंत्रें करण्यांत गुंतलेले असत. पितळी यंत्रराज, गोल व सूर्यघड्याळें तर त्यानें केलींच. शिवाय यंत्रांच्या आकृत्या कागदावर छापून त्या लांकडावर चिकटविण्याची युक्ति योजिली. पितळेचें यंत्र ज्यास परवडत नसे, त्याची सोय अशा रीतीनें झाली. १५४२ सालचा त्याचा असा एक यंत्रराज ऑक्सफर्डच्या संग्रहालयांत आहे.

छायायंत्राची वेळ बरोबर येण्यास दोरा पृथ्वीच्या अक्षाशीं समांतर असावा लागतो. त्यासाठीं डबीचें तोंड उत्तर-दक्षिण धरावें लागे, म्हणून खालच्या फळींत लहानसें होकायंत्र बसवीत. परंतु त्याची सुई खऱ्या उत्तरेस दाखवीत नाहीं. हा फरक हार्टमाननें मोजला; तो रोम येथें सुमारें ६ व नुरेंबर्ग येथें सुमारें १० अंश पूर्वेकडे भरला. याहून नवलाची गोष्ट म्हणजे, समतोल टांगलेली सुई लोहचुंबकाचा स्पर्श होतांच उत्तरेच्या टोंकाकडे खालीं झुकते, हें त्याच्या ध्यानांत आलें. हा झुकाव त्यास ९ अंशच आढळला. वस्तुतः तेथें तो ६० अंशांहून अधिक आहे. तरी मूळ शोध खराच होता.

१५४४ सालीं हें सर्व त्यानें प्रशियाच्या ड्यूक आल्बर्टास पत्रानें कळविलें. परंतु तें पत्र दप्तरांतच राहिलें व १८३१ सालीं प्रसिद्ध झालें. मध्यंतरीं लंडनच्या रॉबर्ट नॉर्मन नामक होकायंत्रें करणाऱ्यानें तोच शोध स्वतंत्रपणें लाविला व १५८१ सालीं पुस्तकरूपानें छापिला. अर्थात् जगानें प्रथम नांव घेतलें तें नॉर्मनचें. हार्टमान १५६४ सालींच नुरेंबर्ग येथें मृत्यु पावला होता.

विद्यार्थिमित्रहो, सुईचा दोष दिसतांच तो झांकून न ठेवितां हार्टमाननें त्याचा पाठपुरावा केला, आणि त्यांतूनच पृथ्वीच्या चुंबकत्वाचा एक नियम त्याच्या हातीं लागला. मात्र मिळालेलें ज्ञान एका पत्रांत बंद राहिलें, तर तें इतरांच्या उपयोगीं पडत नाहीं. ह्या दोन्ही गोष्टी आपण ध्यानीं ठेवाव्या, असें आम्हांस वाटतें.