सर्व लोकांच्या चर्चचा उपदेशक

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या लढ्याचा विषय निघाला, की मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव प्रथम ओठांवर येते. त्यांच्या आधीच्या पिढीत या लढ्याला धर्मचिंतनाची बैठक देणारे हॉवर्ड थर्मन आपल्याकडे फारसे परिचित नाहीत. मोर्चे काढण्याचा वा सभा गाजविण्याचा त्यांचा पिंड नव्हता. रविवारच्या उपासनेला गोरे आणि काळे एका बाकावर बसत नसतील, तर तेथे सांगितल्या जाणाऱ्या बंधुत्वाला अर्थ काय, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर छळत राहिला. त्याचे उत्तर त्यांनी एका लहानशा चर्चमध्ये प्रत्यक्ष शोधून पाहिले.

थर्मन यांचा जन्म १८९९ चा. बालपण फ्लॉरिडा राज्यातील डेटोना येथे गेले. ते सात वर्षांचे असताना वडील वारले. वडील चर्चचे सदस्य नव्हते. त्यामुळे अंत्यविधीच्या वेळी प्रवचन करणाऱ्या उपदेशकाने मृताला थेट नरकाची वाट दाखविली. त्या प्रवचनाचा घाव बालमनावर कायमचा राहिला. आई दुसऱ्यांच्या घरी कामाला जात असल्याने मुलांचा सांभाळ आजी नॅन्सी अँब्रोज यांनी केला. आजींचे पूर्वायुष्य गुलामगिरीत गेले होते. त्यांना वाचता येत नसे. म्हणून नातू त्यांना बायबल वाचून दाखवी. मात्र संत पौलाची पत्रे त्या वाचू देत नसत. अपवाद होता तो केवळ प्रीतीविषयीच्या प्रसिद्ध अध्यायाचा. पुढे कारण विचारले असता त्यांनी सांगितले, की मळ्याच्या मालकाने बोलाविलेला गोरा पाळक नेहमी पौलाचाच आधार घेऊन दासांना धन्याच्या आज्ञेत राहण्याचा उपदेश करी. सुटका झाली तर तो भाग पुन्हा वाचायचा नाही, असा निश्चय त्यांनी तेव्हाच केला होता. मात्र क्वचित प्रवचनाची संधी मिळणारा एक गुलाम उपदेशकही त्यांच्या स्मरणात होता. तुम्ही कोणाचे दास नसून देवाची लेकरे आहात, हे तो श्रोत्यांना पटवून देई. एकाच ग्रंथातून माणूस बांधलाही जातो आणि मोकळाही होतो, हा थर्मन यांना मिळालेला पहिला धडा होय.

त्या काळी डेटोनातील सरकारी शाळेत कृष्णवर्णीय मुलांचे शिक्षण सातवीतच संपे. मुख्याध्यापकांनी स्वतः शिकविल्याने थर्मन आठवी उत्तीर्ण झाले. पुढे १९२३ मध्ये अटलांटाच्या मोरहाऊस महाविद्यालयातून पदवी आणि १९२६ मध्ये रॉचेस्टर येथे धर्मशास्त्राचे शिक्षण त्यांनी पूर्ण केले. ओहायोतील ओबर्लिन येथे काही काळ पाळक म्हणून काम केल्यावर १९३२ मध्ये ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात अध्यापनासाठी रुजू झाले. विद्यापीठाच्या उपासनागृहाचे प्रमुखपदही पुढे त्यांच्याकडे आले.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते भारताच्या प्रवासात. ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीच्या निमंत्रणावरून १९३५ च्या ऑक्टोबरमध्ये चार कृष्णवर्णीय अमेरिकनांचे शिष्टमंडळ सिलोनमध्ये उतरले. थर्मन त्याचे नेते होते आणि पत्नी स्यू बेली थर्मन त्यात सहभागी होत्या. कोलंबोच्या विधी महाविद्यालयातील व्याख्यानानंतर एका श्रोत्याने त्यांना परखड सवाल केला. ज्या धर्माच्या अनुयायांनी तुमच्या पूर्वजांना गुलाम केले, आजही जे तुम्हाला आपल्या चर्चमध्ये घेत नाहीत, त्यांच्याच धर्माचे प्रतिनिधी म्हणून तुम्ही येथे कसे आलात, असा त्याचा आशय होता. त्याच महिन्यात येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली होती. अन्याय करणाऱ्यांच्या धर्मात राहायचे की नाही, हा प्रश्न त्या काळात एका देशापुरता नव्हता. येशू आणि त्याच्या नावाने चालणारी व्यवस्था या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे उत्तर थर्मन यांनी दिले. पण ते पुरेसे नाही, हे त्यांनाही जाणवत होते.

फेब्रुवारी १९३६ मध्ये तत्कालीन मुंबई इलाख्यातील बारडोली येथे त्यांनी महात्मा गांधींची भेट घेतली. अमेरिकेतील मतदानाचा हक्क, जमावाकडून होणाऱ्या हत्या, शाळा, चर्च अशा अनेक बाबींवर गांधीजींनीच पाहुण्यांना बारकाईने प्रश्न विचारले. अहिंसेविषयी प्रदीर्घ चर्चा झाली. अहिंसेचा निर्भेळ संदेश जगाला कदाचित अमेरिकेतील कृष्णवर्णीयांकडूनच मिळेल, अशी आशा गांधीजींनी निरोप देताना व्यक्त केली. याच दौऱ्यात खैबर खिंडीत उभे असताना, सर्व वर्णांच्या लोकांना सामावून घेणाऱ्या चर्चची कल्पना थर्मन यांच्या मनात स्पष्ट झाली.

ती साकारली १९४४ मध्ये, सॅन फ्रान्सिस्को येथे. युद्धकाळात जहाजबांधणीच्या कामासाठी तेथे हजारो कृष्णवर्णीय आले होते. जपानी वंशाच्या नागरिकांना सरकारने छावण्यांत डांबल्याने त्यांची घरे ओस पडली होती. अशा अस्वस्थ वस्तीत आल्फ्रेड फिस्क या गोऱ्या प्रेस्बिटेरियन प्राध्यापक-पाळकासह थर्मन यांनी सर्व लोकांच्या स्नेहाचे चर्च उभे केले. त्यासाठी त्यांनी विद्यापीठातील सुरक्षित पदावर पाणी सोडले. एक गोरा आणि एक काळा असे दोन पाळक समान अधिकाराने काम पाहत. प्रेस्बिटेरियन पंथाचे साह्य मिळत होते. तरीही चर्च कोणत्याही पंथाच्या आधिपत्याखाली राहू नये, असा आग्रह थर्मन यांनी धरला. गोऱ्यांनी काळ्यांवर उपकार करण्याचे ठिकाण, असे स्वरूप त्याला येण्याची भीती त्यांना वाटे. उपकारातून समानता येत नाही, हे ते जाणून होते. एकत्र उपासनेबरोबर एकत्र भोजन, मुलांसाठी विविध संस्कृतींची ओळख करून देणारे वर्ग असे उपक्रम तेथे चालत. त्यांची प्रवचने संथ असत आणि दोन वाक्यांमधील दीर्घ शांतता हा त्यांचाच भाग असे.

कोलंबोच्या सवालाचे सविस्तर उत्तर त्यांनी १९४९ मध्ये ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ या ग्रंथातून दिले. येशू हा रोमन सत्तेखाली पिचलेल्या समाजातील गरीब यहुदी होता, हे त्यांनी ठासून मांडले. भीती, कपट आणि द्वेष पीडितांना आतून पोखरतात. त्यातून सुटल्याशिवाय मुक्ती नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. किंग यांच्या पिढीवर या ग्रंथाचा खोल ठसा उमटला. १९५३ मध्ये थर्मन बॉस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपलचे प्रमुख झाले, तेव्हा किंग तेथेच संशोधन करीत होते. १९५८ मध्ये किंग यांच्यावर सुरीहल्ला झाला असता थर्मन यांनी रुग्णालयात जाऊन, विश्रांती आणि चिंतनाचा काळ वाढविण्याचा सल्ला त्यांना दिला.

थर्मन रस्त्यावर का उतरत नाहीत, अशी टीकाही झाली. लढणाऱ्या माणसाचे मन शाबूत राखणे हेच आपले काम, या भूमिकेवरून ते ढळले नाहीत. १९६५ मध्ये निवृत्त होऊन ते सॅन फ्रान्सिस्कोला परतले आणि १० एप्रिल १९८१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. तोवर कायद्याने वर्णभेद संपला होता; बहुतांश चर्च मात्र वर्णाच्या रेषेवरच विभागलेली होती. एका लहान चर्चने देश बदलला नाही. पण वेगवेगळ्या वर्णांची माणसे एकत्र उपासना करूच शकत नाहीत, ही सबब त्यानंतर कोणालाही पुढे करता येण्याजोगी राहिली नाही.