तबकडीला न पेललेला डग्गा

वर्धा शहरातील एका जुन्या घरात चावीचा ग्रामोफोन अद्याप चालू स्थितीत आहे. घरमालक निवृत्त शिक्षक. सुई बदलल्याखेरीज दुसरी तबकडी लावायची नाही, हा त्यांचा दंडक. काही महिन्यांपूर्वी त्यांच्याकडे उस्ताद अहमदजान थिरकवा यांच्या एकल तबलावादनाची जुनी तबकडी ऐकण्याचा योग आला. आधी नुसती खरखर, मग लांबून यावा तसा लेहरा आणि त्यावर तबल्याचे स्वच्छ, टोकदार बोल. तीन-सव्वातीन मिनिटांत सारे संपले. खोलीत त्यांचा नातूही बसला होता. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी असून महाविद्यालयाच्या रॉक बँडमध्ये ड्रम वाजवतो. त्याचा पहिला प्रश्न होता, डग्गा कुठे गेला? प्रश्न अगदी योग्य होता. थिरकवा यांचे चरित्र सांगायचे तर त्या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागते, कारण ज्या हातासाठी हा माणूस देशभर ओळखला गेला, त्याच हाताचे निम्मे काम त्या काळच्या यंत्राला ऐकू येत नव्हते.

अहमदजान यांचा जन्म उत्तर प्रदेशातील मुरादाबादचा. जन्मवर्ष बहुधा १८९२ असे दिले जाते. काही ठिकाणी ते बरेच आधीचे सांगितले आहे. घराण्यात सारंगी आणि तबला दोन्ही होते. मुलाच्या कानावर सारंगीचे सूर आणि काकांचा तबला एकाच वेळी पडत होता. पुढे त्यांच्या तबल्यात गाणाऱ्याच्या श्वासाची जी जाण दिसे, तिचे मूळ तेथे असावे, असे मानायला जागा आहे. लहान वयातच ते उस्ताद मुनीर खाँ यांचे शागीर्द झाले. मुनीर खाँ मुंबईत राहत. दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद अशा निरनिराळ्या बाजांची बंदिशी त्यांनी जमवलेली होती आणि मुंबईतला तबला पुढची दोन पिढ्या त्यांच्याच शिष्यशाखेने सांभाळला. ‘थिरकवा’ हे आडनाव नव्हे. रियाजाला बसलेल्या या पोराची बोटे तबल्यावर नाचतात, थिरकतात, असे गुरूंचे वडील काले खाँ यांनी कौतुकाने म्हटले आणि तेच नाव जन्मभर चिकटले, अशी कथा तबलजींच्या वर्तुळात सांगतात.

थिरकवा यांच्या वादनाचे मर्म कळण्यासाठी तबल्याची थोडी ओळख आवश्यक आहे. उजव्या हाताच्या तबल्याला काठाची चाट, मधली लव आणि काळी शाई असे तीन प्रदेश असतात. प्रत्येकाचा नाद निराळा. डाव्या हाताचा डग्गा धातूचा, खोल आवाजाचा. त्यावर मनगट सरकवले की आवाज वर-खाली होतो, जणू डग्गा बोलतो. ‘ता’ हा अक्षरबोल उजव्या हाताचा. त्यात डग्ग्याचा ‘घे’ मिसळला की ‘धा’ होतो. तीनतालाच्या सोळा मात्रांत भरी कोठे आणि खाली कोठे, हे श्रोत्याला कळते ते मुख्यतः डग्ग्याच्या असण्या-नसण्यावरून. डग्गा काढून घेतला, तर ‘धा’चा ‘ता’ होतो आणि सारा तालच खाली वाटू लागतो. थिरकवा यांची कीर्ती या दोन हातांच्या तोलासाठी होती. दिल्ली बाजाची चाटेवरची कोरीव अक्षरे आणि पूरबेचा खुला, भरदार नाद ही दोन्ही त्यांच्या हातात नांदत. गती वाढली तरी एकही अक्षर दुसऱ्यावर चढत नसे आणि डग्गा कधी नुसता घुमत बसत नसे.

महाराष्ट्राने त्यांना आपले मानले ते नाटकामुळे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत ते बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याच्या साथीला होते. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व यांनी गणेश गोविंद बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह १९१३ मध्ये ही मंडळी काढली होती. ‘स्वयंवर’ १९१६ मध्ये आले, ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये. सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर थिरकवा आणि जोडीला ऑर्गन, अशी साथ मराठी रंगभूमीने त्याआधी ऐकली नव्हती. उत्तरेकडच्या एका खानदानी उस्तादाने नाटकाच्या साथीला बसणे, हे त्या काळी काहींना कमीपणाचे वाटले असेल; परंतु नारायणरावांच्या गाण्यातील लयीचे नाजूक वळण सांभाळण्यासाठी तेवढ्याच तोलामोलाचा तबलजी हवा होता. पदाच्या दोन ओळींमध्ये जागा मिळताच लग्गीचे चार बोल टाकायचे आणि गायक शब्दावर येण्याआधी बाजूला व्हायचे, ही शिस्त त्यांनी मराठी श्रोत्यांना कानांनी शिकवली. साथीत मागे राहणे हीसुद्धा कला आहे, हे त्यांच्याइतके फार थोड्यांना उमगले.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. या प्रयोगांना मायक्रोफोन नसे. रात्र रात्र चालणाऱ्या नाटकात तबल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत केवळ हाताच्या बळावर पोहोचवायचा, तोही गायकाला न झाकता. जोरात मारणे हा त्यावरचा उपाय नव्हे. जोरात मारलेला तबला बधिर वाजतो. उपाय एकच, बोट नेमक्या जागी पडून नेमक्या क्षणी उचलले जाणे. नाट्यगृहातील लाकडी रंगमंच आणि भिंती उरलेले काम करीत. म्हणजे थिरकवा यांचा नाद घडला तो मोठ्या दालनात, आणि जपायची वेळ आली ती एका कर्ण्यासमोर.

हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले. सुरुवातीची पंचवीसेक वर्षे सारे मुद्रण यांत्रिक होते. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचे, हवेच्या दाबाने पडदा हलायचा आणि सुई मेणावर रेघ काढायची. या पद्धतीत मधल्या पट्टीचे आवाज बरे उतरत. अगदी खालचे आणि अगदी वरचे गळून जात. डग्गा आणि तंबोऱ्याचा खर्ज हे पहिले बळी. ही अडचण केवळ आपल्याकडची नव्हती. अमेरिकेत १९१७ मध्ये जाझचे पहिले ध्वनिमुद्रण झाले, तेव्हाही मोठ्या ड्रमच्या ठोक्याने सुई उडू नये म्हणून ड्रमरला लाकडी ठोकळे आणि घंटा यांवरच बराचसा भार टाकावा लागला होता. त्या तबकड्या ऐकून जाझचा ड्रम असाच टकटक वाजत असे, अशी समजूत पुढच्या पिढ्यांनी करून घेतली. आपल्याकडे जुन्या तबकड्यांवरून तबल्याविषयी असाच गैरसमज अनेकांनी बाळगला.

तरीही उजवा तबला त्या कर्ण्यातून जिवंत बाहेर आला, याचे कारण वाद्याच्या रचनेत आहे. १९२० मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या सहकाऱ्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, आपल्या चर्मवाद्यांवरील शाईच्या लेपामुळे त्यांचे उपस्वर मूळ स्वराशी सुसंवादी होतात. साध्या ड्रमचे उपस्वर असे जुळत नाहीत. म्हणूनच तबला स्वरात लागतो, आणि म्हणूनच मुद्रणात खालचा भाग गळाला तरी वरच्या उपस्वरांवरून कान मूळ स्वर ओळखतो. पाश्चात्त्य ड्रमला ही सवलत नाही. त्याचे मुद्रण बिघडले की पत्र्याचा डबा वाजल्यासारखा आवाज येतो.

१९२५ मध्ये अमेरिकेत मायक्रोफोनवर चालणारे विद्युत मुद्रण व्यापारी वापरात आले आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत ते आपल्याकडेही पोहोचले. तबकडीच्या खोबणीत आता डग्गा काही प्रमाणात उतरू लागला. थिरकवा यांच्या एकल वादनाच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघाल्या. पेशकार, कायदे, रेले, गती, तुकडे, चक्रदार असा ज्याचा पसारा मैफलीत तासभर चालायचा, त्याला एका बाजूच्या तीन मिनिटांत काय बसवायचे, हा पेच होता. या तबकड्या ऐकताना असे वाटते की, त्यांनी घाई करण्याऐवजी निवड केली. थोडेच बोल, पण प्रत्येकाचे नाक-डोळे स्पष्ट. अर्थात यात एक खेदाची बाब आहे. नाट्यगीतांच्या तबकड्यांवर गायकाचे व नाटकाचे नाव असे. साथीदारांची नावे बहुधा नसत. नारायणरावांच्या कोणत्या तबकडीवर तबला थिरकवा यांचा आणि कोणत्या दुसऱ्याचा, हे आज कानानेच ठरवावे लागते.

बोलपट आले, नाटक मंडळ्यांचे दिवस फिरले. १९३५ मध्ये बालगंधर्व स्वतः प्रभातच्या ‘धर्मात्मा’त पडद्यावर आले. थिरकवा १९३०च्या दशकात रामपूर संस्थानच्या दरबारात रुजू झाले आणि त्यांनी तेथे दीर्घकाळ काढला. त्यानंतर लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात अध्यापन, आकाशवाणीवरील वादन, देशभरच्या संगीत परिषदा असा क्रम सुरू झाला. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार पन्नाशीच्या दशकात, पद्मभूषण १९७० मध्ये. गाण्याच्या मागे बसणारे वाद्य अशी ज्याची ओळख होती, त्या तबल्याच्या एकल मैफलीला लोक तिकीट काढून येऊ लागले, यात त्यांचा वाटा मोठा होता.

उतारवयातील त्यांची लाँगप्ले मुद्रणे मात्र सुदैवाने चांगली आहेत. त्यांत डग्ग्याची मींड ऐकू येते, ‘धा’ हा ‘धा’ वाटतो. वेग तारुण्यातील नसेल, पण दोन हातांमधले अंतर तेथेच कळते.

ड्रमचा चांगला आवाज म्हणजे काय, हा वाद रॉक संगीतातही जुनाच आहे. नातवाशी झालेल्या गप्पांत तो विषय निघाला नसता तरच नवल. लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनहॅम १९८० मध्ये गेला. त्याचा ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मधील ड्रम आजही आदर्श मानला जातो. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या गाण्यासाठी हॅम्पशायरमधील एका जुन्या घराच्या जिन्याखाली ड्रम मांडून मायक्रोफोन वरच्या मजल्यावर टांगले होते. ड्रमपेक्षा घर अधिक वाजले, असे म्हटले तरी चालेल. उलट मेटॅलिकाच्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ या १९८८ च्या अल्बममध्ये मोठा ड्रम टंकलेखन यंत्रासारखा टकटकतो, आणि २००३ च्या ‘सेंट अँगर’मध्ये स्नेअरखालच्या तारा सोडून ठेवल्याने तो रिकाम्या पिंपासारखा ठणठणतो. चाहते त्याबद्दल अजून भांडतात. फरक इतकाच की, त्या मंडळींनी तो आवाज निवडला होता. थिरकवा यांच्यापुढे निवड नव्हती. जाता जाता सांगायचे, तर झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले होते आणि येथील वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ ही गाणी मुद्रित केली होती. ती अधिकृतपणे प्रसिद्ध व्हायला २०१५ उजाडले.

मुंबईशी खाँसाहेबांचे नाते अखेरपर्यंत टिकले. शेवटच्या वर्षांत ते नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये शिकवत. त्यांच्या शिष्यांत मराठी नावे ठळक आहेत. ‘गुणीदास’ या नावाने बंदिशी रचणारे जगन्नाथबुवा पुरोहित गायनाचे गुरू म्हणून गाजले, पण तबला ते थिरकवा यांच्याकडे शिकले होते. अभिनेत्री कमलाबाई गोखले यांचे पुत्र लालजी गोखले, तसेच भाई गायतोंडे आणि नारायणराव जोशी हेही त्यांचेच शिष्य. शिवाय निखिल घोष. तबकडीतून जे निसटले ते या हातांनी काही प्रमाणात धरून ठेवले. डग्ग्यावर मनगट किती दाबायचे, हे कुठल्याही खोबणीत लिहिता येत नाही. ते समोर बसूनच उचलावे लागते.

१३ जानेवारी १९७६ रोजी लखनौत त्यांचे निधन झाले. मोहरमसाठी ते लखनौला आले होते आणि मुंबईला परतण्यासाठी स्टेशनकडे निघाले असता वाटेतच त्यांनी प्राण सोडला, असे सांगितले जाते.

वर्ध्याच्या त्या घरी पुढच्या भेटीत नातवाने एक प्रयोग केला. इंटरनेटवर मिळालेली थिरकवा यांच्या तशाच एका जुन्या तबकडीची नक्कल त्याने मोठ्या हेडफोनवर आजोबांना ऐकवली. चावीच्या ग्रामोफोनचा पडदा जो खर्ज बाहेर काढू शकत नाही, तो विद्युत मुद्रणाच्या खोबणीत थोडाफार असतोच. आजोबांनी डोळे मिटून हातावर मात्रा धरली. नवव्या मात्रेला, जेथे डग्गा गप्प होतो, तेथे त्यांचा तळवा आपोआप उलटा पडला. मग त्यांनी ते ध्वनिमुद्रण पुन्हा लावायला सांगितले.